माशीला एक ढेप किती ढेपा दिसते

गजानन चिवडेवाल्याने मला फसवलं. त्याच्या साळ्याची बाजाराच्या फाटकाशी केळ्यांची गाडी आहे. तिथल्या सडक्या केळ्यांवरची चिलटं त्याने पकडली आणि आपल्या चिवड्यावरच्या माश्या त्या ह्याच, असं सांगून बरणीत भरून दिली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे प्रवासात तो फार गोड बोलतो आणि वाचणाऱ्याला वाटेल की माणूस चांगला आहे. मलाही वाटलं होतं. तीन दिवस त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्याच्या पिशवीतला चिवडा खाल्ला. चिवडा चांगला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दारव्हा

मी शब्बीर, गूळवाला. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात शिरलं की उजव्या हाताला कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत माझं दुकान. ही जागा मला कोणी दिली नाही. डोक्यावर टोपलं घेऊन पायी फिरत होतो तेव्हापासून त्या सावलीवर माझा डोळा होता, आणि ती मिळवायला मला अकरा वर्षं आणि चार भांडणं लागली. बाजारात येणारा माणूस पहिल्यांदा मला पाहतो आणि जाणारा शेवटी मला पाहतो. व्यापारात याहून मोठं काही नसतं.

यंदा भाद्रपदात माश्यांनी कहर केला. माझ्यापासून दहा पावलांवर गजाननचं चिवड्याचं दुकान. त्याने बाजाराचे ठेकेदार बाबारावजी यांच्याकडे तक्रार केली की शब्बीरच्या गुळामुळे माश्या येतात आणि तिथून उडून माझ्या शेवेवर बसतात. मी म्हटलं, माशी काय माझ्या नावाने पत्र घेऊन येते का. तेव्हा गजाननने भर बाजारात, आजूबाजूला पन्नास माणसं उभी असताना, मोबाईलवर कुठंतरी पाहिलेली विद्या काढली.

"माशीच्या एकेका डोळ्यात तीन-चार हजार भिंगं असतात, बाबारावजी. म्हंजे शब्बीरभाईची एक ढेप तिले तीन हजार ढेपा दिसते. तीन हजार ढेपा दिसल्यावर तुमी तरी घरी बसान का?"

लोकांना हे पटलं. मलाही क्षणभर पटलं, आणि तिथेच मी हरलो, कारण उत्तर द्यायला मला वेळ लागला. मग मी ओरडून सांगितलं की ह्या माश्या माझ्या गुळाच्या नाहीतच, त्या मासोळीच्या रांगेतून आणि गुरांच्या बाजारातून येतात.

बाबारावजी कॉलेजात असताना प्राणिशास्त्रात दोनदा नापास झाले होते. ज्यांनी नापास केलं त्या पाठक सरांबद्दल त्यांना अजून एवढा आदर आहे की त्यांचं नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावतात. सर आता रिटायर होऊन मारेगावला राहतात. बाबारावजींनी बाजारातूनच फोन लावला. फोटो पाठवले. सर म्हणाले, फोटोवरून मी कोणाच्या डोळ्याबद्दल बोलत नाही, माशी जिवंत आणा.

निकाल असा ठरला. दोघांनी आपापल्या दुकानावरच्या माश्या आपापल्या हाताने पकडून बरणीत भरायच्या. बरणीच्या तोंडाला मलमल, वर सुतळी, सुतळीच्या गाठीवर बाबारावजींची लाख. बरणी वर्तमानपत्रात गुंडाळायची, म्हणजे वाटेत कोणी कोणाच्या माश्यांकडे पाहू नये. दोघांनी मिळून सरांकडे जायचं आणि कोणाच्या माश्या कोणत्या जातीच्या, त्यांना काय दिसतं, हे लिहून आणायचं.

"रिपोर्ट तुमच्या विरोधात गेला," बाबारावजी मला म्हणाले, "तं पुढच्या बाजारापासून तुमी मासोळीच्या रांगेत. मंग मले म्हणू नका."

मासोळीची रांग म्हणजे बाजाराचं पार मागचं टोक, नाल्याच्या बाजूला. तिथे गूळ कोण घेईल.

मी माश्या पकडायला बसलो. आता इथे माझी चूक झाली, ती मी लपवत नाही. पस्तीस वर्षं मी नमुना दाखवत आलो आहे. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा तर ढेपेतला सगळ्यात तुकतुकीत तुकडा वर काढायचा, हे माझ्या हाताला डोक्याच्या आधी कळतं. बारीक, मळकट, राखेच्या रंगाच्या माश्या पुष्कळ होत्या. त्या मी सोडून दिल्या. एकेक निवडून मोठी, हिरवीनिळी, उन्हात चमकणारी, विटेसारख्या लाल डोळ्यांची माशी घेतली. अशा अकरा झाल्या. बरणी हातात धरून पाहिली तर अभिमान वाटला.

यवतमाळ

यवतमाळपर्यंत काळीपिवळीने गेलो. ड्रायव्हरने मांडीवरच्या पुड्यात काय आहे विचारलं. मी मध सांगणार होतो, तेवढ्यात गजाननने खरं सांगून टाकलं. त्याबरोबर आमच्या सीटवरची दोन माणसं मागे सरकली, एका बाईने लेकराच्या तोंडावर पदर घातला, आणि ड्रायव्हर म्हणाला की तुमच्यामुळे दोन माणसांची जागा मोकळी पडली, त्याचंही भाडं तुम्हीच द्या. मी त्याला म्हटलं, माशीला पंख आहेत, ती बरणीत उडतच येते आहे, तुझ्या गाडीवर तिचा भारच नाही. तो म्हणाला मग तिला बाहेरून उडत येऊ द्या. हा मुद्दा चांगला होता. शेवटी बरण्या टपावर बांधल्या आणि मी दर थांब्यावर उतरून त्या पाहत राहिलो.

बसस्टँडजवळ पोहे खाल्ले. यवतमाळात पोह्यावर चण्याची तर्री इतकी ओततात की पोहे शोधावे लागतात. आमच्याकडेही तर्री असते, पण दारव्ह्याचा माणूस वाटी वेगळी मागतो आणि मग ती दोनदा भरून घेतो, हे जास्त फायद्याचं आहे. गजाननने मलमलीवर पाण्याचे चार थेंब टाकले. तहानेने मेल्या तर पुरावा जाईल, असं तो म्हणाला. मीही टाकले. माणूस विचारी आहे असं वाटलं. आता कळतं की चिलटं लवकर मरतात म्हणून त्याला घाई होती.

मारेगाव

करंजीच्या पुढे रस्ता फार देखणा आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी भाद्रपदात जावं. टेकड्यांवर सागाला पांढुरका फुलोरा आलेला, खाली कपाशीची पराटी कमरेएवढी, सोयाबीनला नुकती पिवळी झाक. आमच्या बाजूला जमीन सपाट वाटते, इथे ती मधेच उठून बसते. बसमध्ये पुढच्या सीटवर दोन म्हातारे वेगळ्याच बोलीत बोलत होते. गजानन म्हणाला कोलामी आहे. त्यांनी आमच्या बरण्यांबद्दल काहीही विचारलं नाही, आणि मला ते फार सभ्य वाटले.

पाठक सरांचं घर लगेच सापडलं. सर घरी नव्हते. त्यांच्या बाईंनी आम्हाला पायरीवर बसवून गूळ-पाणी दिलं. आमच्याकडे आता पाहुण्याला थेट चहा देतात, इथे ही रीत टिकून आहे. मी खडा तोंडात टाकला. पिवळाधमक गूळ होता. मी न राहवून सांगितलं की बाई, हा गूळ मसाला मारून गोरा केलेला आहे, खरा गूळ काळपट असतो. बाई म्हणाल्या, दिसायला हाच बरा वाटला. लोकांचं हे असंच आहे. लांबून रंग पाहतात आणि पिशवी उघडतात.

सरांबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते केळापूरले गेलेत बहिणीकडे. गाईले चादर नेसवून बसले असतील."

मला वाटलं बाईंनी थट्टा केली. रात्री लॉजवर थांबलो. गजाननच्या सांगण्यावरून त्याची बरणी माझ्या खाटेखाली आणि माझी त्याच्या खाटेखाली ठेवली, म्हणजे कोणाला कोणावर संशय नको. सकाळी माझी बरणी चांगली गुंजत होती. त्याच्या बरणीतून आवाजच नव्हता. मी त्याला म्हटलं, तुझ्या माश्या मेल्या वाटतं. तो म्हणाला, "माह्या माश्या गरीब हायेत, शब्बीरभाई. आवाज नाई करत."

केळापूर

केळापूरला देवीचं देऊळ आहे, पांढरकवड्याहून फार लांब नाही. गजानन नारळ घेऊन आत गेला आणि मी बाहेर दोन्ही बरण्या धरून उभा राहिलो. त्याने देवीला काय मागितलं ते मला आता कळतं.

सरांच्या बहिणीचं घर गावाच्या कडेला. गोठ्यात खरंच एक गाय उभी होती आणि तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची चादर शिवून बसवली होती, पण फक्त पुढच्या अर्ध्या अंगाला. मागचं अर्धं अंग उघडं. समोर खुर्चीवर एक सडपातळ म्हातारे गृहस्थ वही घेऊन बसले होते आणि गाईवर माशी बसली की रेघ मारत होते. हेच पाठक सर.

त्यांनी आम्हाला बसा म्हणायच्या आधी वही दाखवली. उघड्या भागावर रेघाच रेघा, चादरीवर मोजून सहा. सर म्हणाले की गोमाशी लांबून गाईकडे व्यवस्थित येते, पण पट्ट्यांजवळ पोचली की तिला उतरायचा अंदाज येत नाही, वेग कमी करायचं विसरते आणि आपटून निघून जाते. डोळ्यांपुढे पट्टे सरकायला लागले की तिचा हिशेब चुकतो. मी विचारलं, हे माणसाला चालतं का. सर म्हणाले करून पाहायला हरकत नाही. त्याच वेळी एक गोमाशी माझ्या मानेला चावली आणि मी तिला हातानेच मारली.

सरांना वाईट वाटलं. त्यांनी ती माझ्या हातावरून उचलली आणि भिंगातून पाहायला लावली. गोमाशीचे डोळे हिरवे होते, आणि त्यावर जांभळे आडवे पट्टे, लग्नातल्या साडीच्या काठासारखे. मी आयुष्यात इतका सुंदर डोळा पाहिला नव्हता, आणि तो मला चावणाऱ्या प्राण्याचा होता. बघता बघता पट्टे फिकट व्हायला लागले. सर म्हणाले, मेल्यावर हा रंग राहत नाही, थोड्या वेळाने डोळा नुसता तपकिरी होईल, म्हणून मी जिवंत आणा म्हटलं होतं.

विमलाताई, म्हणजे सरांची बहीण, आतून म्हणाल्या की गेल्या महिन्यात घेतलेली डबलबेडची चादर होती ती. मग सरांनी आमच्या बरण्या मागितल्या आणि थेट त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवल्या, थंडीने माश्या सुस्त होतात म्हणून. विमलाताईंनी दह्याचं भांडं, लोणी आणि कालची भाजी अशा तिन्ही वस्तू फ्रीजमधून बाहेर काढल्या आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवल्या. असं आधीही झालं असावं.

बरण्या गार होईपर्यंत मी माझा मुख्य प्रश्न विचारला. माशीला एक ढेप तीन हजार ढेपा दिसते का. सर हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी माझा मोबाईल घेतला, त्यातला माझ्या दुकानाचा फोटो शोधला आणि बोटांनी मोठा करत गेले, इतका मोठा की ढेप गेली आणि नुसते चौकोन राहिले.

"प्रत्येक भिंग असा एकच ठिपका पाहतं," ते म्हणाले. "सगळे ठिपके मिळून एकच चित्र. एक ढेप तिला एकच दिसते, शब्बीरभाई, आणि तीही धूसर. तीस फुटांवरून तर ढेप आहे की दगड आहे, हे तिला डोळ्यांनी कळायचं नाही."

मी गजाननकडे पाहिलं. तो गाईकडे पाहत होता.

सर पुढे पुष्कळ बोलले आणि मी सगळं ऐकून घेतलं, कारण ते माझ्या बाजूचं होतं. माशीला पापणी नसते, म्हणून ती पुढचे पाय चोळून त्या पायांनी डोळे पुसते. आपल्याला वाटतं ती जेवायला बसण्याआधी हात चोळते आहे. तिला लाल रंग धड दिसत नाही. मोठे दिसणारे दोन्ही डोळे सोडून तिच्या टाळूवर आणखी तीन बारीक डोळे असतात. बारकाव्यात ती आंधळी, पण हालचालीत आपल्याला मागे टाकते. आपण हात उगारतो तो तिला सावकाश येणाऱ्या बैलगाडीसारखा दिसतो. मी विचारलं, मग ती ढेपेपर्यंत येते कशी. सर म्हणाले, वासाने. तेवढं लिहू नका, असं मी त्यांना सांगितलं.

मग मायक्रोस्कोप ओट्यावर आला आणि माझी बरणी उघडली. पहिली माशी पाहून सर खूश झाले. त्यांनी मलाही दाखवली. डोळ्याचा वरचा भाग मोठ्या भिंगांचा, खालचा बारीक भिंगांचा, आणि मधे जणू कोणी दोरी धरून रेघ मारलेली. मी निवडलेला माल होता, खूश होणारच.

"मांसमाशी," सर म्हणाले. "हा नर. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेत, बघा. मादीच्या डोळ्यांत फट असते. ह्यांची पैदास सडक्या मांसात होते, मासळीत होते, घाणीत होते." आणि त्यांनी लिहायला घेतलं.

मी बाकीच्या दहाही पाहायला लावल्या. अकराच्या अकरा त्याच निघाल्या. सात नर, चार माद्या. मी सरांना समजावलं की दुकानावर घरमाश्या जास्त होत्या, पण मी नमुना म्हणून चांगल्या निवडल्या. सर म्हणाले की बरणीत जे आहे तेवढंच मी लिहू शकतो.

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण असा केला नव्हता. मी म्हटलं, अंडी मादी घालते, नर घालत नाही. मग नरांना सडक्या मांसाशी काय घेणं. सात नर वगळा, चार लिहा. सर म्हणाले, नरही तिथेच जन्मला. मी म्हटलं, जन्म कुठे झाला हे कोणाच्या हातात असतं का, माणसाचंही आपण तसं धरत नाही. सर थोडा विचार करून म्हणाले की मुद्दा योग्य आहे, पण तो माशीला लागू नाही. मग मी सहावर आलो. मग म्हटलं आठ लिहा, पण मांसमाशी न लिहिता हिरवी माशी लिहा. सर म्हणाले अकरा. मी म्हटलं ह्या मासोळीच्या रांगेतून माझ्या गुळावर पाहुण्या आल्या, हे तरी लिहा. ते म्हणाले, ती कुठून आली हे तिच्या डोळ्यात दिसत नाही. मी चिडलो. ओट्यावर हात आपटला. मायक्रोस्कोप हलला आणि आठव्या क्रमांकाची माशी जागी होऊन विमलाताईंच्या घरात गेली. सरांनी तरीही अकरा लिहिले.

मग गजाननची बरणी उघडली. आत तीळभर आकाराची, पिवळसर, लालभडक डोळ्यांची चिलटं. सरांनी ती मोठ्या प्रेमाने पाहिली. एका डोळ्यात जेमतेम सात-आठशे भिंगं, म्हणाले, पण जगभरातल्या प्रयोगशाळांत हिच्याइतका मान दुसऱ्या माशीला नाही. पिकल्या फळांवर राहते.

मी गजाननला विचारलं, "चिवड्यावर चिलट कधी बसलं, बे?"

"माह्या चिवड्यात मनुके असतात, शब्बीरभाई," तो म्हणाला. "मनुका म्हंजे फळच हाय."

मी सरांना विचारलं, मनुक्यावर चिलट येतं का. सर म्हणाले, आंबलेल्या, ओल्या फळावर येतं, सुक्यावर यायचं कारण नाही, पण बरणीत आहे ते आहे. आणि लिहिलं.

विमलाताईंनी त्याही स्थितीत आम्हाला जेवायला घातलं. कढीगोळे, भाकर आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे कढीत गोळे सोडतात ते घट्ट असतात, यांचे जिभेवर विरघळत होते. मी रागात चार भाकरी खाल्ल्या. गजाननने त्यांना चिवडा भेट दिला. त्यात मी पाहिलं, मनुके होते. ते त्याने मारेगावच्या किराणा दुकानातून आणले होते की आधीपासून होते, हे मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी लिहीत नाही. सरांकडून एवढं तरी शिकलो.

निघताना सरांनी रिपोर्ट दिला. दोन पानं. पहिल्या पानावर कोणत्या बरणीत कोणती माशी. दुसऱ्या पानावर माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर, खाली सही: माशीला एक ढेप एकच दिसते, तीस फुटांवरून ती ओळखू येत नाही, सबब ढेप पाहून माशी लांबून येते हे म्हणणं चूक आहे. त्या पानावर माझा सगळा भरवसा होता. रिपोर्ट कोणी धरायचा यावरून वाद झाला. शेवटी सरांनी लिफाफा बंद करून त्यावर बाबारावजींचं नाव घातलं, आणि गजाननचा झोळा कोरडा होता म्हणून त्यात ठेवला.

परत दारव्हा

बाजाराच्या दिवशी बाबारावजींनी लिफाफा हातात घेतला, कानाच्या पाळीला हात लावला आणि भोंग्यावर पहिलं पान वाचलं. गुळाच्या बरणीत अकरा मांसमाश्या, पैदास सडक्या मांसात. चिवड्याच्या बरणीत फळावरची माशी, प्रयोगशाळेत मान. लोक ऐकत होते. वीस वर्षांपासून माझ्याकडे येणारी एक गिऱ्हाईक बाई हातातला गूळ परत ठेवून गेली. मी ओरडलो की दुसरं पान वाचा. बाबारावजी म्हणाले, पान एकच हाय.

दुपारपर्यंत माझ्या ढेपा नाल्याच्या बाजूला होत्या.

आता तीन बाजार झाले, मी मासोळीच्या रांगेत बसतो. माझ्या डाव्या हाताला कमलाबाई झिंगे विकते. पहिल्या बाजाराला ती माझ्यावर खूश होती, कारण तिच्या मासोळीवरच्या माश्या उठून माझ्या गुळावर आल्या. दुसऱ्या बाजाराला तिने तक्रार केली की माश्याच नाहीत म्हणून गिऱ्हाईक विचारतं, मासोळीवर औषध मारलं काय. मी सरांना फोन केला की दुसरं पान पुन्हा लिहून द्या. सर म्हणाले, मोबाईलवर सांगितलेलं मी लिहीत नाही, बरणी घेऊन या. पट्ट्यांची चादर मीही आणली. दुकानावर टाकली. माश्या खरंच कमी झाल्या, पण लोकांना वाटलं आत मयत आहे.

तिसऱ्या बाजाराला कमलाबाईचं एक गिऱ्हाईक चिवडा खात खात आलं. कागदाच्या पुडीत चिवडा होता. कागदावर निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते अक्षर केळापूरच्या ओट्यावर दोन तास समोर बसून उलटं पाहिलं आहे. मी त्या माणसाचा चिवडा त्याच्या रुमालात ओतला, त्याला पावशेर गूळ दिला आणि कागद घेतला. अर्धा आहे. तेल लागलेलं आहे. 'एक ढेप एकच दिसते' एवढं स्वच्छ वाचता येतं. 'तीस फुटांवरून' अर्धं येतं. सही शेवेच्या तेलात गेली, पण पहिलं अक्षर दिसतं.

मी तो कागद घेऊन गजाननकडे गेलो. तो म्हणाला, रद्दीत आला असन. मी बाबारावजींकडे गेलो. ते म्हणाले, निकाल झाला, शब्बीरभाई, आता कायले उकरून काढता.

ह्यासाठी मी हे सगळं लिहिलं. माझी मागणी एकच आहे आणि ती मी गजाननकडे करत नाही, त्याच्याकडून मला खरं उत्तर मिळणार नाही हे मला माहीत आहे. बाबारावजींनी उत्तर द्यावं. लिफाफा तुमच्या नावाचा होता. तो तुमच्या हातात आला तेव्हा बंद होता की उघडा? बंद असेल तर दुसरं पान तुम्ही कोणाला दिलं, आणि उघडा असेल तर तुम्ही तो घेतलाच कसा? हे उत्तर मला घरी नको, चहावर नको, फोनवर नको. कडुनिंबाखाली उभं राहून, भोंगा लावून, बाजार पुरा भरलेला असताना द्या. कागद माझ्याजवळ आहे. मी तो वाळवून ठेवला आहे.